डाव्या हाताची रायफल

पांढरकवड्याला हायवेवर माझं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वीस-बावीस वर्षं झाली. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरची गाडी आमच्या टप्प्यात बिघडली, की ड्रायव्हर माझ्याकडे येतो. क्लच प्लेट असो, बेअरिंग असो, माझ्याकडे नसेल तर आदिलाबादहून नाहीतर नागपूरहून मागवून संध्याकाळपर्यंत त्याच्या हातात देतो. एकाच पार्टचा भाव तिथं वेगळा, इथं वेगळा, हे माझ्या रोजच्या पाहण्यातलं. भाडं किती, टॅक्स किती, मधल्या माणसाचं किती, हे मी गिऱ्हाइकाला सांगू शकतो आणि बहुतेकदा त्याला ते पटतं. म्हणूनच मुलीच्या रायफलीच्या वेळी मी इतका चिडलो असेन. त्या वस्तूचा भाव असा का आणि ती मिळत का नाही, हे ज्यांना ज्यांना विचारलं त्यांना त्यात काही खटकतच नव्हतं.

मुलगी आठवीत असताना शाळेच्या शिबिराला यवतमाळला गेली होती. तिथं एका निवृत्त सुभेदारांनी पोरांना एअर रायफल चालवायला दिली. दहा मीटरवर कागदी टार्गेट, त्यावर शिशाचा बारीक छर्रा मारायचा. मधला दहाचा ठिपका छापील पूर्णविरामाएवढा. शिबिर संपल्यावर सुभेदारांनी मला फोन केला.

"तुमची पोरगी डावखुरी हाय काय?"

"लिहिते डाव्या हातानं. जेवायला तिच्या आईनं उजवा हात लावला."

"हाताचं सोडा हो. तिचा डोळा डावा चालते. अन् लय चांगला चालते. रविवारी पाठवत जा तिले."

मग दर रविवारी सकाळच्या एसटीनं ती यवतमाळला जाऊ लागली. मी कधी सोबत जायचो, कधी तिची आई. एका गोदामाच्या मागं लांबट हॉल होता, त्यालाच रेंज म्हणायचे. तिथं तीन रायफली होत्या. दोन देशी, शिकाऊ पोरांसाठी. तिसरी बाहेरच्या देशातून आलेली, दाबलेल्या हवेवर चालणारी, बरीच जुनी. स्पर्धेत टिकायचं असेल तर त्या तिसरीसारखीच लागते, हे मला पुढं कळलं. तिन्ही उजव्या हाताच्या होत्या.

रायफलीला डावा-उजवा हात असतो, हेही मला माहीत नव्हतं. तिची मूठ तळहाताच्या आकारात कोरलेली असते. गाल टेकवायची पट्टी एका बाजूला झुकलेली असते. छर्रा भरायचा खटका ज्या हाताला सोयीचा त्याच बाजूला असतो. माझी मुलगी डाव्या खांद्याला रायफल लावायची, म्हणजे यातलं सगळंच तिच्यासाठी उलटं. मुठीवरचा अंगठ्याचा खळगा तिच्या बोटांखाली यायचा. खटका पलीकडच्या बाजूला. प्रत्येक वेळी रायफल खांद्यावरून उतरवायची, कमरेतून वळायचं, छर्रा भरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून उभं राहायचं. शेजारची पोरं जागेवरून न हलता भरायची. एका सामन्यात साठ छर्रे. ती घरी आली की जमिनीवर पालथी पडायची आणि आई तिच्या कमरेला तेल लावायची.

सरांनी, म्हणजे सुभेदारांनी, महिनाभर तिला उजव्या बाजूनं शिकवून पाहिलं. डाव्या डोळ्यासमोर पुठ्ठ्याची पट्टी लावली. चौथ्या रविवारी परत येताना एसटीत ती म्हणाली, "बाबा, दुसऱ्याच्या डोळ्यानं पाह्यल्यासारखं वाटते." सरांनी पट्टी काढून टाकली. म्हणाले, हात शिकवता येते, डोळा नाही शिकवता येत.

अशा उलट्या रायफलीनं ती जिल्ह्यात पहिली आली. दहावीच्या वर्षी विभागात दुसरी आली. तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं.

"आता हिले हिची रायफल पायजे. डाव्या हाताची. या रायफलीवर थे वर गेली तरी किती जाईन?"

मी म्हटलं, घेऊ. दुकानदार माणूस आहे, वस्तू म्हटलं की मला वाटतं, मिळेल. माल आणायला मी हैदराबादला जातोच. पुढच्या खेपेला तिथल्या बंदुकांच्या एका जुन्या दुकानात गेलो. काउंटरवर साठीचे गृहस्थ होते, बोलायला मोकळे. भिंतीवर तीन-चार परदेशी एअर रायफली टांगलेल्या होत्या. भाव ऐकून मी पुन्हा विचारला. तेवढ्या पैशांत आमच्याकडे जुना टेम्पो येतो. तरी मनाची तयारी केली आणि म्हटलं, डाव्या हाताची दाखवा.

ते हसले. "लेफ्ट हँड नहीं आती साब. हम मंगातेच नहीं."

"काहून? बनत नाही का?"

"बनती है. सेम कीमत में बनती है. मगर हमारे को गिन के परमिट मिलता. चार पीस का परमिट है तो चार राइट हँड मंगाऊँगा, आठ दिन में बिक जाएगी. लेफ्ट मंगाऊँगा तो कौन आएगा? आप आए, तीन साल में पहले."

"माझ्यासाठी एक मागवा. पैसे आधी देतो."

"अगले परमिट में डाल सकता हूँ. परमिट कब मिलेगा, मिलेगा क्या, वो मैं नहीं बोल सकता."

त्या माणसावर मला रागावता आलं नाही. मीसुद्धा वर्षातून एकदा खपणारा पार्ट ठेवत नाही. पण माझ्या पार्टाला परमिट लागत नाही. एखाद्या ड्रायव्हरला हवाच असला तर मी फोन करतो आणि तो येतो. परतीच्या रस्त्यात आदिलाबाद मागं पडलं, नदीवरचा पूल आला, तरी मी हाच हिशोब मनात उलटसुलट करत होतो.

माझा साळा, मुलीचा मामा, जर्मनीत एका कारखान्यात इंजिनिअर आहे. बायकोनं त्याला सांगितलं असणार. पुढच्या शनिवारी त्यानं फोटो पाठवला. त्याच्या गावातल्या दुकानाच्या काचेमागं तीच कंपनी, तेच मॉडेल, खाली भावाची चिठ्ठी. शेजारी तशीच दुसरी, डाव्या हाताची, आणि तिच्यावरही तोच आकडा. मी रुपयांत करून पाहिलं. हैदराबादच्या भावाच्या निम्म्याहून थोडं कमी.

मी त्याला फोन लावला. "हे उघड्यावर विकतात?"

"हो भाऊजी. वयाचा पुरावा दाखवायचा, पैसे द्यायचे, घेऊन जायची. मी विचारलं त्यांना, डावी वेगळी मागवावी लागते का? दुकानदाराला माझा प्रश्नच कळला नाही."

"डिसेंबरात येशील तेव्हा घेऊन ये मग."

"विमानवाले नेऊ देतात. तिकडे कस्टमला तुमची परवानगी लागते. नसली तर जप्त करतील. ती परवानगी तेवढी काढा."

परवानगी काढायला मला काय वाटलं होतं, एक अर्ज, दोन फोटो, एक शिक्का. मी नागपूरच्या एका कस्टम एजंटाकडे गेलो. त्यानं सांगितलं, कोणीही उठून रायफल आणू शकत नाही, छर्‍याची असली तरी. खेळाडूला आणता येते आणि त्याला सवलतही मिळते, पण तो खेळाडू नामवंत असायला हवा. नामवंत म्हणजे ज्यानं राष्ट्रीय स्पर्धेत ठरवून दिलेला आकडा गाठला तो. त्याचं प्रमाणपत्र खेळाच्या संघटनेकडून घ्यायचं.

मग मी संघटनेच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या बाई सभ्य होत्या.

"मुलीचा नॅशनलचा स्कोअर किती आहे?"

"नॅशनल अजून खेळली नाही मॅडम. विभागात दुसरी आली."

"मग आधी स्कोअर आणावा लागेल."

"स्कोअर आणायलाच रायफल पाहिजे. ती डाव्या हाताची आहे, आमच्या रेंजवरची उजव्या हाताची आहे."

"क्लबच्या रायफलवर सगळेच सुरुवात करतात, सर."

"सगळे उजव्या हाताचे आहेत हो."

"नियम डाव्या-उजव्याला एकच आहे," त्या म्हणाल्या. त्यांना ते न्यायाचं वाटत होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मी आभार मानून फोन ठेवला आणि गोडाऊनमध्ये जाऊन विनाकारण सगळे खोके एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला लावले.

एक लबाडी माझ्या मनात येऊन गेली, तीही सांगतो. माझा धंदाच सुट्या भागांचा. रायफल अखंड आणता येत नसेल तर एका खेपेला नळी, दुसऱ्या खेपेला दस्ता, तिसऱ्या खेपेला बाकीचं, आणि इथं जोडायचं. जेवताना मी बायकोला हे बोललो. ती शाळेत शिकवते, तिचा आवाज सहसा चढत नाही.

"माझ्या भावाले विमानतळावर चोरासारखं उभं करता का? अन् उद्या पोरगी जिंकली, कोणी विचारलं ही कुठून आणली, तर तिनं काय सांगावं?"

मुलगी भाकरी मोडत बसली होती. ती म्हणाली, "मले तशी नको बाबा." विषय तिथं संपला.

पण मामानं एक केलं. आम्हाला न विचारता त्यानं ती डाव्या हाताची रायफल विकत घेतली. मुलीला व्हिडिओ कॉल केला आणि टेबलावर ठेवलेली दाखवली. "ही तुझी. परवानगी मिळेपर्यंत माझ्या घरी राहील." त्याचा हेतू चांगलाच होता. पण त्या दिवसापासून घरात एक वेगळंच दुःख शिरलं. आपली वस्तू आहे, तिचा नंबर आपल्याला पाठ आहे आणि ती दुसऱ्या देशात कपाटात पडली आहे. मुलगी मामाला सांगायची, मूठ धरून दाखव, अंगठा कुठं येतो ते दाखव. तो बिचारा कॅमेऱ्यासमोर रायफल उलटी-सुलटी करायचा. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत बसायची.

डिसेंबरात मामा आला. त्यानं फक्त लाकडी मूठ खोलून आणली होती, रायफल तिथंच ठेवून. लाकडाच्या तुकड्याला कोण काय म्हणणार, असं त्याला वाटलं. नागपूरच्या विमानतळावर मी त्याला घ्यायला गेलो होतो. बाकीचे प्रवासी निघून गेले तरी तो बाहेर येईना. आला तेव्हा हातात मुठीऐवजी पावती होती. अधिकाऱ्यानं त्याला विचारलं, हे काय आहे, आणि त्यानं खरं सांगितलं. शस्त्राचा भाग म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली.

"वाईट वागले नाहीत," तो गाडीत म्हणाला. "चहा विचारला. भाऊजी, मी खोटं बोलायला पाहिजे होतं का?"

मी म्हटलं, नाही.

शेवटी मूठ आम्ही पांढरकवड्यातच केली. माझ्या दुकानामागं ट्रकच्या बॉड्या बांधणारा एक सुतार आहे. त्यानं सागाचा ठोकळा घेतला, मुलीला समोर बसवलं आणि हाताला लावून लावून कोरला. कमी पडलं तिथं डेंटिंगवाल्याची पुट्टी भरली. गालाची पट्टी लेथवर अ‍ॅल्युमिनियमची करून घेतली. सरांनी क्लबची ती जुनी रायफल आमच्या भरवशावर दिली आणि तिच्यावर हे सगळं बसवलं. दिसायला विचित्र होती, पण मुलीनं खांद्याला लावली आणि पहिल्यांदाच तिची मान सरळ राहिली. भरायचा खटका मात्र पलीकडेच होता. तो हलवणं आमच्या कोणाच्या हातात नव्हतं.

अकरावीत ती राज्यात निवडली गेली आणि नॅशनलला पोचली. स्पर्धेआधी रायफलींची मापं तपासतात. तपासणाऱ्यांनी आमची मूठ इंचटेपनं नाही, साच्यात घालून पाहिली. एका कडेनं जास्त भरली. मी खाली बसून कानशीनं घासली, पुन्हा नेली, पुन्हा घासली. तिसऱ्यांदा पास झाली. मुलगी बाजूला उभी राहून पाहत होती. सामन्याच्या आधी तिला शांत बसायला हवं होतं, आणि ती बापाला फरशीवर लाकूड घासताना पाहत होती.

नामवंत ठरायला लागणारा आकडा तिला दीड गुणानं हुकला. शेवटच्या दहा छर्‍यांत तिची कंबर भरून आली होती, मला मागून दिसत होतं. प्रत्येक वळण आधीच्यापेक्षा हळू. ती बाहेर आली, जॅकेट काढलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी." मी संडासात जाऊन तोंड धुतलं.

पुढच्या वर्षी, बारावीची प्रॅक्टिकल डोक्यावर असताना, त्याच रायफलीवर तिनं आकडा गाठला, थोडा ओलांडलाही. आम्हाला वाटलं, सुटलो. पण प्रमाणपत्र यायला दोन महिने गेले. त्यावर नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं आलं. दुरुस्तीला एक महिना. मग परवानगीचा अर्ज. त्यात रायफल नवी की वापरलेली, असा रकाना होता. मामाच्या कपाटातली रायफल कोणी वापरली नव्हती, पण पावती अडीच वर्षं जुनी. तेवढ्यावरून दोनदा पत्रव्यवहार झाला. मी प्रत्येक पत्राची झेरॉक्स काढून ठेवायचो. बायको म्हणाली, दुकानाच्या फाइली एवढ्या नीट ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं.

रायफल आली तेव्हा मुलगी नागपूरला कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. मामा पेटी घेऊन विमानतळाबाहेर आला, या वेळी सगळे शिक्के बरोबर होते. जप्त झालेल्या मुठीच्या जागी त्यानं तिकडूनच तशीच नवी बसवून आणली होती. मुलीनं तिथंच, पार्किंगमध्ये, पेटी उघडली. मूठ धरून पाहिली आणि लगेच पेटी बंद केली. मला वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, "अंगठा बरोबर बसते," आणि गाडीत बसली.

आता सगळं नीट होईल, असं मी धरून चाललो होतो. झालं उलटंच. नव्या रायफलीवर तिचा आकडा घसरला. पहिल्या स्पर्धेत ती पहिल्या चाळिसातही नव्हती. मी सरांना फोन केला, रायफलीत काही दोष आहे का?

"रायफलीत नाई," सर म्हणाले. "चार वर्षं पोरगी वाकडी उभी राह्यली. आता सरळ उभं राहा म्हटलं तर अंग ऐकते का? हाडं त्या वळणाची झाली. वेळ लागन."

"किती वेळ?"

"थे मी कसं सांगू. अन् ज्युनिअरमधी आता तिची एकच स्पर्धा राह्यली."

ती स्पर्धाही गेली. शेवटच्या फेरीच्या बरीच बाहेर राहिली. इतकी वर्षं ज्यांच्यावर चिडायचं ते सगळे आपापलं काम नियमानं करत होते. हैदराबादचा दुकानदार, फोनवरच्या बाई, विमानतळावरचा अधिकारी, मापं घेणारे, कोणाचीच चूक काढता येत नव्हती. चूक सापडली असती तर मी भांडलो असतो, निदान एकदा तरी मन मोकळं झालं असतं.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी दुकानात एका तेलंगणाच्या ड्रायव्हरला एअर पाइप दाखवत होतो. मुलीचा फोन आला. नागपूरच्या रेंजवर साध्या सरावात तिनं आजवरचा सगळ्यात मोठा आकडा मारला होता. स्पर्धा नव्हती, नोंद कुठं होणार नव्हती, पाहायला शेजारचे दोघं-तिघं. ती आकडा सांगत होती आणि मध्येच हसत होती.

"कंबर दुखली का?" मी विचारलं.

"नाही बाबा. आता वळावं लागत नाही ना."

फोन ठेवल्यावर मी समोरच्या ड्रायव्हरला म्हटलं, माझ्या मुलीनं आज खूप चांगली रायफल चालवली. त्यानं पाइप उन्हात धरून चिरा आहेत का पाहिलं आणि विचारलं, "पोलीस में है क्या?" मी त्याला सांगायला लागलो, पण मागं दुसऱ्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला आणि तो पैसे देऊन निघून गेला.